क्रूझ संपली, आता नागपूर कसं गाठायचं? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

क्रूझ कोणती घ्यावी, जेवण कसं असतं, व्हेज मिळतं का, हे प्रश्न आता जवळपास संपलेत. यावेळच्या पत्रांमध्ये एकच सूर आहे, जहाजातून उतरल्यावर घरी कसं यायचं. बरं झालं, कारण एजंट लोक चढायच्या दिवसाचं सगळं नीट सांगतात आणि उतरायच्या दिवसाचं "होऊन जाते हो" म्हणून सोडून देतात.

प्रश्न : सिंगापूरहून क्रूझ बुक केली आहे, मलेशिया-फुकेत करून परत सिंगापूर. आम्ही दोघं, मुलगी, जावई आणि नातू. एजंट म्हणून राहिला की जहाज सकाळी सातला लागते, साडेदहाची मुंबई फ्लाइट आरामात मिळते, आणि मुंबई-नागपूरचं तिकीट वेगळं काढलं तर स्वस्त पडते. जावई म्हणतात रिस्क आहे. कोणाचं ऐकू? (एक वाचक, धरमपेठ)

जावयांचं ऐका काका. सातला जहाज लागतं म्हणजे ते धक्क्याला बांधलं जातं, तुम्ही सातला रस्त्यावर नसता. आधी तिथले अधिकारी जहाजाला क्लिअरन्स देतात, मग जे आपलं सामान स्वतः ओढत नेणार आहेत ते आधी सुटतात, आणि मग बॅगच्या टॅगवरचा रंग किंवा नंबर पुकारत पुकारत बाकीच्यांना सोडतात. सगळं नीट गेलं तरी तुमच्यासारख्या पाच जणांच्या कुटुंबाला टर्मिनलच्या बाहेर पडायला नऊ वाजले असं धरून चाला. त्यातच इमिग्रेशन, हॉलमध्ये आपल्या बॅगा शोधणं आणि टॅक्सीची रांग, आणि ही रांग लांब असते कारण हजारो लोक एकाच सकाळी उतरलेले असतात. मरीना बे क्रूझ सेंटर ते चांगी विमानतळ हे अंतर जेमतेम वीस-बावीस किलोमीटर, टॅक्सीने अर्धा तास. पण साडेदहाच्या इंटरनॅशनल फ्लाइटचं काउंटर तास-सव्वा तास आधी बंद होतं, म्हणजे सव्वानऊ ते साडेनऊ. सगळं सुरळीत गेलं तरच जमेल असा हा प्लॅन आहे, आणि नातवाला एकदा बाथरूमला जायचं झालं की तो संपला.

आता हिशोब उलटा लावू, नागपूरहून मागे. आपलं मुंबईकरांसारखं नाही ना, त्यांचं विमान उतरलं की घर आलं, आपल्याला पुढे अजून एक फ्लाइट पकडायची असते आणि रात्रीची शेवटची नागपूर फ्लाइट सुटली की मग लॉबीत बसा किंवा हॉटेल शोधा. म्हणून आधी नागपूरची शेवटची फ्लाइट किती वाजता आहे ते बघा. समजा नऊच्या आसपास आहे, तर मुंबईत तुम्ही साडेचार-पाचला उतरायला हवे, कारण इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स यात दीड तास सहज जातो, आणि पुढची फ्लाइट दुसऱ्या टर्मिनलहून असेल तर टी-टू ते टी-वन रस्त्याने जावं लागतं, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये. सिंगापूर-मुंबई साडेपाच तासांचं उड्डाण आहे आणि सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे तिथल्या दुपारी दीडला निघालात तर इथे साडेचारला मुंबईत. तर दुपारी एक-दीडचीच फ्लाइट बघा, त्याआधीची नको.

दोन वेगळी तिकिटं काढणं हा दुसरा घोळ. एकाच पीएनआरवर सिंगापूर-मुंबई-नागपूर असेल आणि पहिली फ्लाइट लेट झाली तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी एअरलाइनची. वेगळी तिकिटं असली तर दुसऱ्या एअरलाइनच्या लेखी तुम्ही फक्त उशिरा आलेले प्रवासी, तिकीट गेलं. पाच जणांची ऐन वेळची मुंबई-नागपूर तिकिटं किती पडतात ते एकदा ॲपवर बघा, मग एजंटने वाचवलेले पैसे किती ते बघा. आणि मुंबईच कशाला, हैदराबादहूनही येता येतं, तिथे इंटरनॅशनल आणि डोमेस्टिक एकाच इमारतीत असल्यामुळे टर्मिनल बदलायची भानगड नाही. फ्लाइट चुकलीच तर हैदराबादहून नागपूर रस्त्याने पाचशे किलोमीटर आहे, रात्रीच्या स्लीपर बस आहेत, मुंबईहून तेच बरंच जास्त पडतं.

मला विचाराल तर एक रात्र सिंगापूरला थांबा. उतरा, हॉटेलात सामान टाका, नातवाला गार्डन्स बाय द बे दाखवा, दुसऱ्या दिवशी निवांत निघा. खर्च वाढतो, मान्य, पण जहाज धुक्यामुळे, खराब हवेमुळे किंवा कोणी प्रवासी आजारी पडला म्हणून उशिरा लागलं तर त्या रात्रीसारखा दुसरा विमा नाही.

अजून दोन गोष्टी. क्रूझवर चढताना तुम्ही सिंगापूर सोडता आणि परत येताना पुन्हा आत येता, म्हणून व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते व्हिसाच्या कागदावर स्वतः वाचा, आणि एसजी अरायव्हल कार्ड परत येतानाही ऑनलाइन भरावं लागतं, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका. दुसरं म्हणजे घड्याळ. फुकेत सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे, किनाऱ्याजवळ फोन आपोआप तिकडची वेळ घेतो आणि जहाजाची वेळ वेगळी चाललेली असते. शेवटच्या सकाळचा अलार्म लावताना फोनकडे बघू नका, केबिनमधल्या टीव्हीवर किंवा रिसेप्शनला जी वेळ आहे ती धरा.

प्रश्न : मुंबई-गोवा-मुंबई क्रूझ करतोय, आम्ही चार मित्र. उतरल्यावर फ्लाइट घ्यावी की ट्रेन? (एक वाचक, त्रिमूर्ती नगर)

चार मित्र, सामान एकेक बॅग, मग ट्रेन घ्या ना भाऊ. मुंबईचं क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पियरला, तिथून सीएसएमटी इतकं जवळ आहे की टॅक्सीवाला तोंड वाकडं करतो. दुपारी सेवाग्राम एक्सप्रेस आहे, संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस, मध्यरात्री दुरांतो, तिन्ही सकाळी नागपूरला आणून सोडतात. बॅगा क्लोकरूमला टाका (कुलूप लावलेली बॅग, तिकीट आणि आयडी लागतं, चेन तुटकी असली तर घेत नाहीत) आणि दिवसभर फोर्ट फिरा. दुरांतोचं तिकीट काढताना मात्र तारीख दोनदा बघा. ती रात्री बाराच्या नंतर सुटते, म्हणजे रविवारी उतरून रविवारी रात्री निघायचं असेल तर तिकिटावर सोमवार हवा. आपल्याकडचे कित्येक जण यात फसतात आणि स्टेशनवर जाऊन कळतं की आपली गाडी काल रात्रीच गेली.

फ्लाइटच हवी असेल तर दुपारनंतरची घ्या, आणि तिकिटावर विमानतळ कोणता आहे ते आधी बघा, कारण 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय आणि मुंबई शोधलं की ॲप दोन्हीकडच्या फ्लाइट एकत्रच दाखवतं. बीओएम लिहिलं असेल तर जुनं, एनएमआय असेल तर नवी मुंबई. जुन्याला जायचं तर सीएसएमटीहून मेट्रो तीन घ्या, थेट टी-वन आणि टी-टू दोन्हीकडे स्टेशन आहे, ट्रॅफिकचा प्रश्नच नाही. नवी मुंबईला जायचं तर टॅक्सी करून ईस्टर्न फ्रीवे आणि पुढे अटल सेतू, टोल धरून पैसे ठरवा.

प्रश्न : सासूबाई 74 वर्षांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. जहाजावर व्हीलचेअर मिळणार आहे म्हणे, मग एअरपोर्टला वेगळं सांगावं लागतं का? आणि क्रूझ कंपनीची एअरपोर्ट बस घ्यावी की बाहेर गाडी करावी? (एक वाचक, महाल)

वेगळं सांगावंच लागतं ताई. जहाजाची व्हीलचेअर जहाजाची, ती टर्मिनलच्या दारापर्यंत येते आणि परत जाते. एअरलाइनला बुकिंगच्या वेळीच किंवा निदान 48 तास आधी कळवा, आणि दोन फ्लाइट असतील तर दोन्हींवर रिक्वेस्ट लागली आहे का ते तिकिटावर तपासा, बरेचदा पहिल्यावर असते आणि मुंबईत उतरल्यावर पुढच्यासाठी पुन्हा विनवण्या कराव्या लागतात. जहाजावर रिसेप्शनला आदल्या दिवशी सांगून ठेवा की उतरताना मदत हवी आहे, मग गर्दीत न उभं राहता एका जागी बसवून घेऊन जातात.

बसचं म्हणाल तर एरवी मी दोन-तीन जणांना बाहेरची टॅक्सी सुचवते, माणशी हिशोब केला तर स्वस्त पडते आणि बस भरेपर्यंत थांबावं लागत नाही. पण तुमच्या बाबतीत कंपनीची बस घ्या, पायऱ्या किती आहेत ते आधी विचारून. बुक करताना फ्लाइटची वेळ विचारतात आणि त्यानुसार उतरायचा नंबर देतात, तेवढी तरी घाई वाचते. काही कंपन्या संध्याकाळच्या फ्लाइटवाल्यांसाठी सामान बसमध्येच ठेवून शहर फिरवून मग विमानतळावर सोडतात. ती चांगली सोय आहे, पण गुडघ्याला दिवसभर फिरणं जमेल का ते तुम्ही बघा.

आणि शेवटच्या रात्रीचं नीट ऐका. रात्री अकरा-बाराच्या आत मोठ्या बॅगा टॅग लावून केबिनच्या बाहेर ठेवायला सांगतात, सकाळी त्या थेट टर्मिनलच्या हॉलमध्ये भेटतात. त्या कॉरिडॉरमध्ये बॅगांची रांगच्या रांग लागते आणि प्रत्येक वेळी कोणीतरी एक जण रात्री साडेबाराला गाऊनवर बाहेर येऊन आपलीच बॅग उघडत बसलेला असतो, कारण सकाळचे कपडे आत गेलेले असतात. सासूबाईंच्या गोळ्या, चष्मा, कवळी, सगळ्यांचे पासपोर्ट, चार्जर आणि सकाळी घालायचा एक जोड हे खांद्यावरच्या पिशवीत आधी काढा आणि मगच बॅग बंद करा. पॉवर बँकही हातातच, ती चेक-इन बॅगेत चालत नाही आणि काउंटरवर सगळी बॅग उपसावी लागते.

प्रश्न : आमची क्रूझ रोमला संपते. सकाळी उतरून दुपारी दोहामार्गे नागपूर असं बघून राहिलो. ठीक आहे का? (एक वाचक, मनीष नगर)

तिकिटाची कल्पना चांगली आहे, एकाच एअरलाइनवर दोहाहून थेट नागपूर, बॅगा सोनेगावलाच, म्हणजे नागपूर विमानतळावरच घ्यायच्या, मुंबई-दिल्लीची कटकट नाही. पण क्रूझवाले ज्याला रोम म्हणतात ते चिविताव्हेक्किया, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवरचं बंदर आहे. तिथून फ्युमिचिनो विमानतळाला गाडीने तास-सव्वा तास धरा. ट्रेनने जायचं तर धक्क्यावरून पोर्टची शटल बस, तिथून पुढे स्टेशन, मग रोमच्या दिशेने जाणारी गाडी आणि मध्ये बदलून विमानतळाची गाडी, चार मोठ्या बॅगा घेऊन हे करू नका. गाडी आधी बुक करा, ड्रायव्हरला जहाजाचं नाव द्या. इटलीत रेल्वेचे संप बऱ्यापैकी होतात, तारखा आधी जाहीर असतात, निघायच्या आठवड्यात एकदा बघा. दुपारी तीननंतरची फ्लाइट असेल तर ठीक, बाराची असेल तर बदला. आणि वाटेत जहाज तुर्कस्तानला जाणार असेल तर शेंगेन व्हिसा (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्र व्हिसा, तुर्कस्तान त्यात नाही) मल्टिपल एंट्रीचाच लागेल.

प्रश्न : जहाजावर घेतलेली दारूची बाटली विमानात नेता येते का? (नाव छापू नका)

नाही छापत. जहाजावरच्या दुकानात घेतलेल्या बाटल्या बहुतेक कंपन्या ठेवून घेतात आणि शेवटच्या रात्री देतात, त्या हातातल्या बॅगेत टाकून विमानतळावर गेलात तर सिक्युरिटीला काढून घेतील, 100 मिलीच्या वर द्रव पदार्थ जात नाही. कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत टाका. विमानतळाच्या ड्यूटी फ्रीची सीलबंद पिशवी असली तरी मुंबईत नागपूरच्या फ्लाइटसाठी पुन्हा सिक्युरिटी होते, म्हणून मुंबईत बॅगा हातात आल्या की तिथेच बाटली आत टाकायची. माणशी दोन लिटर ड्यूटी फ्री, त्यावर कस्टम्स. आणि वजन बघा, जहाजावर बॅगेचं वजन कोणी विचारत नाही पण वेगळं डोमेस्टिक तिकीट असेल तर साधारण 15 किलोच असतात, काचेच्या दोन बाटल्याच अडीच-तीन किलो खातात.

प्रश्न : क्रूझहून येऊन दोन दिवस झाले, अजून पलंग हलल्यासारखा वाटते. काहून? (एक वाचक, सक्करदरा)

कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला जहाजाच्या हलण्याची सवय झालेली असते, ती मोडायला थोडा वेळ लागतो. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत जातं. आठवडा उलटूनही राहिलं किंवा उलटी, कान दुखणं असं काही सोबत असलं तर कान-नाक-घसावाल्या डॉक्टरला दाखवा. तोवर स्कूटी चालवू नका, घरच्यांना चालवू द्या.