जुन्या गाडीचं इंजिन ऑइल वाटेत अचानक गेलं तर इंजिन वाचवायला काय करावं?

ऑइलचा लाल दिवा लागला की गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. पुढच्या ढाब्यापर्यंत, पुढच्या गॅरेजपर्यंत असलं काही करू नका. तुमची झेन 2002 ची आहे, तिला काही अलार्म बसवता येतो का आणि जाड ऑइल घातलं तर बरं पडेल का, असं तुम्ही विचारलंय. त्याकडे येते. पण आधी आमच्या एस्टीमचं सांगते, कारण त्या एका दुपारीवरून आमच्या घरात इतकी वर्षं वाद चालू आहे आणि त्यात माझं म्हणणं बरोबर आहे.

गाडी बाबांची, 1998 ची. मे 2012 मध्ये आम्ही इंदूरहून महेश्वरला निघालो होतो. आई-बाबा मागे, शेजारी काका, गाडी माझ्या हातात. चार दिवस आधी ऑइल आणि फिल्टर बदलून घेतला होता. नेहमीचे मिस्त्री गावी गेले होते म्हणून दुसरीकडे दिली. मानपूर सोडून घाट उतरायला लागलो. एका वळणावर मीटरमध्ये लाल दिवा लुकलुकला आणि विझला. भर दुपारचं ऊन काचेतून थेट मीटरवर पडलेलं, मला वाटलं भास झाला. पुढच्या वळणावर तो लागला आणि राहिला.

आता मला माहीत आहे की ते पहिलं लुकलुकणं हीच खरी सूचना असते. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या चेंबरमध्ये ते कमी झालं की वळणावर, उतारावर एका बाजूला सरकतं, ऑइल पंपाच्या जाळीत हवा जाते आणि क्षणभर प्रेशर पडतं.

मी डावीकडे घेऊन इंजिन बंद केलं. काका म्हणाले, "अगं घाटात कुठे थांबवतेस? चालू दे, उतारच तर आहे." उतरून पाहिलं तर मागे रस्त्यावर काळी ओली रेघ, वळणापलीकडे जाईपर्यंत. ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, म्हणजे डिपस्टिक, पुसून दोनदा घातली, टोकाला थेंब नाही. पण तोवर इंजिनातून वावगा आवाज आलेला नव्हता. हे लक्षात ठेवा, कारण सगळा वाद इथून पुढचा आहे.

काकांनी वीस वर्षं मॅटाडोर चालवली. आमच्या घरात गाडीच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. डिकीत ऑइलचा एक लिटरचा डबा होता. तो त्यांनी ओतला आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. मी म्हटलं, "काका, ऑइल कुठून गेलं ते बघितलं नाही अजून." ते म्हणाले, "खाली तीन-चार किलोमीटरवर गॅरेज आहे, एक लिटर खूप झालं." बाबा काही बोलले नाहीत. गाडी चालू झाली, दिवा विझला, आणि काकांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेले नाही.

जेमतेम किलोमीटरभर गेलो असू. पुन्हा दिवा. काका थांबले नाहीत. मग टकटक सुरू झाली, मग खालून ठोकल्यासारखा ठक-ठक आवाज, आणि मग इंजिन आवळलं. गाडी झटका देऊन उभी राहिली. किल्ली फिरवली तर स्टार्टरचा नुसता "टक".

ट्रकमागे दोर बांधून गाडी इंदूरला आणली. तोवर आमचे मिस्त्री परतले होते. त्यांनी फिल्टर खोलला आणि तळहात माझ्यापुढे धरला. काळ्या तळहातावर दोन रबरी रिंगा, एक जुनी चपटी कडक झालेली, एक नवी, कडेला फाटून बाहेर आलेली. "दीदी, पुरानी रिंग इंजन पे ही चिपकी रह गई थी. उसी के ऊपर नया फिल्टर कस दिया." शहरात हळू चालवताना ती जोडी टिकली. हायवेवर प्रेशर वाढलं तशी वरची रिंग निसटली आणि पंपानंच ऑइल रस्त्यावर फेकलं. काकांनी ओतलेलं लिटरही पंपानं त्याच फटीतून फेकलं. गळती कुठे आहे ते न बघता वरून ऑइल ओतणं म्हणजे रस्त्याला ऑइल पाजणं.

इंजिन खोललं तर पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या एका कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग जागेवरच फिरलेलं, क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा, उष्णतेनं निळसर पडलेला, त्यावर नख फिरवलं की खाचांत अडकायचं. क्रँक घासून त्या कमी झालेल्या मापाचं, म्हणजे अंडरसाईझ, बेअरिंग टाकता आलं असतं. पण या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टला वेगळं बेअरिंग नसतं, तो इंजिनाच्या वरच्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्येच फिरतो, आणि पंपापासून लांब वर असल्यानं त्याचेही हाल झाले होते. म्हणजे हेडही गेलं. अंदाज 28,000 चा निघाला. बाबांनी गाडी आहे तशी 15,000 ला देऊन टाकली. त्यांची एक वही होती, पेट्रोल, हवा, ऑइल, सगळं तारखेसह आणि किलोमीटरसह लिहिलेलं. "फिल्टर व ऑइल बदलले" ही त्यातली शेवटची ओळ आहे.

तेव्हापासून काका प्रत्येक लग्नात, प्रत्येक गणपतीत सांगतात, "हिनं तापलेलं इंजिन घाटात एकदम बंद केलं, म्हणून जाम झालं." साफ चूक. पाणी कमी होऊन इंजिन तापतं तेव्हा ते थोडा वेळ न्यूट्रलवर चालू ठेवायचं, असं जुने ड्रायव्हर सांगतात. पाणी फिरत असेल तर त्यात तथ्यही आहे, कारण फिरणारं पाणी उष्णता काढून नेतं. ऑइलचं तसं नाही. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात केसाहूनही कमी फट असते, त्या फटीतला ऑइलचा पातळ थर धातूला धातू लागू देत नाही. तो थर गेला की प्रत्येक फेरा घासण्याचा. 3000 आरपीएमला सेकंदाला 50 फेरे होतात. दहा सेकंद "बघू या" म्हटलं की 500. उतारावर ॲक्सिलेटर सोडला तरी गाडी गिअरमध्ये असेल तर चाकं इंजिनाला फिरवतच असतात, त्यामुळे उताराचा त्या इंजिनाला काही उपयोग झाला नाही. मी बंद केलेलं इंजिन पुन्हा एका किल्लीत सुरू झालं. आधीच जाम झालेलं असतं तर झालं असतं का?

आता तुमचं. जाड ऑइलनं झिरपणं थोडं कमी दिसेल, पण चेंबर स्पीडब्रेकरवर फुटला, ड्रेन बोल्ट निघाला किंवा फिल्टरची रिंग गेली तर जाड काय आणि पातळ काय, दोन्ही भराभर जातात. कंपनीनं सांगितलेलंच घाला. अलार्म मात्र जरूर बसवा. 12 व्होल्टचा साधा बझर घ्या, एक वायर इग्निशनच्या प्लसला, दुसरी ऑइल प्रेशर स्विचच्या वायरला. प्रेशर पडलं की तो स्विच अर्थ देतो, म्हणजे वायर इंजिनाच्या धातूला जोडून सर्किट पूर्ण करतो, दिव्यासोबत बझरही वाजतो. उन्हात दिवा दिसत नाही, बझर ऐकू येतो. किल्ली ऑन केल्यावर तो वाजला आणि इंजिन चालू झाल्यावर थांबला तर सर्किट ठीक. ऑन केल्यावर वाजलाच नाही तर आधी ते दुरुस्त करा.

बझर प्रेशर सांगतो, पातळी नाही, त्यामुळे आठवड्यातून एकदा डिपस्टिक बघायचीच. गरम इंजिनात फक्त आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन हळू फिरताना, दिवा मिणमिणत असेल आणि ऑइल पुरेसं असेल, तर पंप किंवा बेअरिंग झिजलेलं असू शकतं. मेकॅनिकल गेज लावून प्रेशर मोजून घ्या. आणि हे आधी लिहायला हवं होतं: इंजिन बंद करा म्हणजे गाडी हातात ठेवून. घाटात आधी कडेला या. किल्ली एकच टप्पा मागे, पूर्ण मागे नेली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. इंजिन बंद झाल्यावर ब्रेक हलका करणारा बूस्टर एक-दोन दाबांपुरताच साथ देतो, मग पाय जोरात लावावा लागतो.

काका, हे तुम्ही वाचालच. तुमच्यावर माझा राग नाही, पण त्या दोन रिंगा बाबांच्या वहीत अजून आहेत. या गणपतीत घेऊन येते, तुम्ही हातात घेऊन बघा. आणि झेनवाले भाऊ, फिल्टर बदलताना स्वतः तिथे उभे राहा. जुना निघाला की त्याची रिंग त्याच्यासोबत आली का ते विचारा, नसेल आली तर इंजिनाच्या तोंडावरून बोट फिरवून बघायला सांगा.