सोमवारचं पत्र

प्रश्न: आम्ही युटाहमध्ये सॉल्ट लेक सिटीला राहतो. शेजारच्या मॉर्मन (एका ख्रिस्ती पंथाच्या) काकूंचा मुलगा मिशनवर, म्हणजे धर्मप्रसारासाठी, ब्राझीलला गेलाय, त्याचा ईमेल आठवड्यातून एकदाच येतो. एवढी बंधनं का असतात?

उत्तर: अहो, मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष, आणि पगार वगैरे काही नाही, उलट खर्च स्वतःचा नाहीतर घरच्यांचा. रोज साडेसहाच्या सुमारास उठायचं, अभ्यास, मग दिवसभर लोकांना भेटायचं, कुणाचं सामान हलवून दे, कुणाला फुकट इंग्लिश शिकव, आणि जोडीला दिलेला दुसरा मिशनरी कायम बरोबर, एकट्याने फिरायचंच नाही (मला तर हेच सगळ्यात अवघड वाटतं!). आठवड्यातला एक दिवस, बहुतेकदा सोमवार, कपडे धुणं, बाजार आणि घरी लिहिण्यासाठी, म्हणून ईमेल तेव्हाच येतो. त्यात किती जणांनी तोंडावर दार लावून घेतलं, कोण चर्चला आलं, प्रार्थनेने कसा धीर आला असंच सगळं असतं. पूर्वी फोन फक्त ख्रिसमस आणि मदर्स डेला, पण 2019 पासून दर आठवड्याला व्हिडिओ कॉल चालतो, तेव्हा काकूंना विचारा, बोलत असतीलच.