प्रश्न तुमचे: आतड्याचा आजार आणि हाडांची चिंता

प्रश्न : माझं वय 34. क्रोन्सचा आजार (आतड्याची दीर्घकाळची सूज) आहे. चार महिने रोज 15 मिग्रॅ प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू आहे. डेक्सा (हाडांची घनता मोजणाऱ्या) तपासणीत कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे 1.9 आला. स्टिरॉइडमुळेच हे झालं ना? गोळ्या बंद करू का?

उत्तर : स्वतःहून अजिबात बंद करू नका. इतके दिवस बाहेरून स्टिरॉइड मिळत असलं की अ‍ॅड्रिनल ग्रंथी (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणाऱ्या) सुस्तावतात; गोळी एकदम थांबवली तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. डोस टप्प्याटप्प्यानेच कमी करायचा असतो.

आता रिपोर्ट. टी-स्कोअर निरोगी तरुणांच्या हाडांच्या घनतेशी तुलना करतो. पण पन्नाशीच्या आतल्या पुरुषांत आणि पाळी चालू असलेल्या स्त्रियांत झेड-स्कोअर बघतात, कारण तो त्याच वयाच्या लोकांशी तुलना करतो. तो उणे 2 किंवा त्याहून खाली असेल तर ‘वयाच्या मानाने घनता कमी’ म्हणतात. तिशीत टी आणि झेड यांत फारसा फरक नसतो, म्हणजे तुम्ही या रेषेच्या जेमतेम वर आहात.

दोष मात्र एकट्या स्टिरॉइडचा नाही. आतडं सुजलेलं असताना टीएनएफसारखी सूज वाढवणारी रसायनं रक्तात फिरतात आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना चेव येतो. त्यात वजन घटलेलं, दूध बंद केलेलं, सिगारेट असेल तर तीही. स्टिरॉइडने होणारी झीज सगळ्यात वेगाने पहिल्या काही महिन्यांतच होते. म्हणून डॉक्टरांना विचारायचा खरा प्रश्न असा: ‘स्टिरॉइडमधून बाहेर पडायची योजना काय?’ अ‍ॅझाथायोप्रिन किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखं औषध सूज ताब्यात ठेवणार असेल, तर हाडांसाठीही तोच मोठा उपचार. आतडं धुमसत ठेवून नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या खाण्यात फारसा अर्थ नाही. हाड मजबूत करणारं औषध लागेल का, हेही याच भेटीत विचारा.

प्रश्न : छोट्या आतड्याचा शेवटचा भाग काढला आहे. एकदा मुतखडा झाला म्हणून घरच्यांनी माझं कॅल्शियम बंद केलं. बरोबर का?

उत्तर : बहुधा उलट. हा भाग काढला की स्निग्ध पदार्थ नीट शोषले जात नाहीत. न पचलेली चरबी आतड्यातलं कॅल्शियम धरून बसते, मग एरवी कॅल्शियमशी बांधलं जाऊन शौचावाटे जाणारं ऑक्झलेट (अन्नातला, खडे बनवणारा एक क्षार) मोकळं राहतं आणि मोठ्या आतड्यातून रक्तात, तिथून मूत्रपिंडात जातं. त्यामुळे खडा ऑक्झलेटचा असेल तर जेवणासोबत घेतलेलं कॅल्शियम उपयोगीच पडतं. खड्याचं पृथक्करण आणि 24 तासांच्या लघवीची तपासणी करून हे नक्की करून घ्या.

आहार आणि गोळ्या मिळून दिवसाला 1000 ते 1200 मिग्रॅ पुरे. एका वेळी 500 मिग्रॅच्या वर घेऊ नका, जास्तीचं नीट शोषलं जात नाही. पाकिटावरचा आकडा नीट वाचा: 1250 मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम 500 मिग्रॅच असतं. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं. आम्लपित्ताची गोळी रोज घेत असाल तर कॅल्शियम सायट्रेट बरं. लोहाची गोळी दोन तास लांब ठेवा.

ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्या. 20 नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या खाली पातळी असेल तर ती कमतरता. डोस सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा, कारण कापलेल्या आतड्यातून तोंडावाटे दिलेलं ड किती शोषलं जातंय ते अंदाजाने कळत नाही.

प्रश्न : कोलायटिससाठी (मोठ्या आतड्याच्या सुजेसाठी) बरेच महिने स्टिरॉइड घेतलं. आता डाव्या जांघेत दुखतं, जिना चढताना जास्त. ड जीवनसत्त्व कमी असेल का?

उत्तर : तसं गृहीत धरू नका. स्टिरॉइडनंतर खुब्यातल्या मांडीच्या हाडाच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा तुटून तिथलं हाड मरू शकतं, आणि त्याचं दुखणं बहुधा जांघेतच जाणवतं. सुरुवातीला एक्स-रे साफ येतो आणि डेक्सात हे कळतच नाही, एमआरआय लागतो. तो होईपर्यंत उड्या, धावणं आणि वजन उचलणं थांबवा, आणि अस्थिरोगतज्ज्ञांना स्टिरॉइडचा डोस व कालावधी लिहूनच दाखवा.