तो परत प्यायला, आता तू परत जा

अरे,

रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला तेव्हा मी जागीच होते, पण उत्तर मुद्दाम सकाळवर टाकलं कारण रात्री लिहिलं असतं तर रागाने लिहिलं असतं. राग अजून पूर्ण गेलेला नाहीये, तेवढं समजून घे.

"ताई, चार महिने फुकट गेले, सगळ्यांसमोर दारू सोडायची शपथ घेतली होती त्याने आणि परत प्यायला, आता मी कुणाच्या घरी जाणार नाही, पोस्टर आणि रॅली आणि शाळेतली भाषणं एवढंच करणार." असं लिहिलंयस तू. आणि मधेच एका ओळीत, सहज लिहिल्यासारखं, की शनिवारी तो रस्त्यात दिसला, त्याने तुला बघून मान फिरवली आणि मग तू पण फिरवलीस. तो प्यायला याचं मला वाईट वाटलं पण धक्का नाही बसला. तू मान फिरवलीस ते लागलं मला.

परत जा त्याच्याकडे. आजच जा.

तुला वाटतंय त्याने फसवलं. अरे, उपचार घेतलेल्या शंभरातले चाळीस ते साठ जण कधी ना कधी परत घेतात, आणि ब्लडप्रेशर किंवा दम्याच्या पेशंटचं औषध-पथ्य सुटून त्रास उलटतो त्याचं प्रमाणही साधारण एवढंच असतं. बीपी वाढलं म्हणून कुणी पेशंटला गद्दार म्हणतं का? डॉक्टर म्हणतात गोळी बदलून बघू, पुढच्या आठवड्यात या. मग याच्याच बाबतीत आपण लगेच चारित्र्यावर का जातो? चार महिने फुकट गेले म्हणतोस, पण चार महिने तो शुद्धीत जगला, ते त्याच्या शरीराला आणि त्याच्या आईला माहितीये. ते कुणी काढून घेतलेले नाहीत.

आणि त्या शपथेबद्दल मी तुला आधीही बोलले होते, आता परत बोलते. पन्नास माणसांसमोर हात पुढे करून शपथ घ्यायला लावली की ज्या दिवशी पाय घसरतो त्या दिवशी माणसाला पन्नास जणांपासून तोंड लपवावं लागतं. त्याने मान फिरवली ती लाजेने. आणि ती लाज रात्री एकट्याला सहन होत नाही म्हणून दुसरी बाटली येते. एकदा घसरणं आणि पूर्ण पहिल्यासारखं सुरू होणं यात कधीकधी फक्त तीन-चार दिवसांचं अंतर असतं, आणि त्या तीन-चार दिवसांत कुणी दारात येतंय का नाही यावर फार काही ठरतं. शनिवार, रविवार, सोमवार गेले. आज मंगळवार आहे.

तुला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस माहितीये, एए, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांच्या आधाराने चालवलेली संघटना. त्याची सुरुवात कशी झाली ते नीट बघ एकदा. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी कामाला गेला होता, काम फसलं, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले आणि हॉटेलात एकटा, बारमधून हसण्याचे आवाज येतायत. त्याच्या लक्षात आलं की आत्ता आपल्याला दुसरा एखादा दारुडाच वाचवू शकतो, म्हणून फोन करत करत तो डॉक्टर बॉब स्मिथपर्यंत पोचला. दोघं तासन्‌तास बोलले आणि बॉबची दारू थांबली. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं ऐक. काही आठवड्यांनी बॉब डॉक्टरांच्या एका अधिवेशनाला गेला आणि तिथे दणकून प्यायला, कित्येक दिवस कुणाला पत्ता नाही. परत आला तेव्हा बिल तिथेच होता. तो निघून गेला नाही, शपथेची आठवण करून दिली नाही, त्याला सावरत बसला. बॉबने शेवटचं पेय घेतलं ती तारीख १० जून १९३५ मानतात, आणि एए आपला वाढदिवस त्या तारखेपासून मोजते. म्हणजे पहिल्या भेटीची तारीख नाही धरली त्यांनी, घसरून झाल्यानंतर जिथे सावरलं ती धरली. बिल जर तेव्हा म्हणाला असता की झालं, माझे कष्ट फुकट गेले, तर?

म्हणून म्हणते परत जा.

आता जे मी तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. मी नव्याने काम करायला लागले होते तेव्हाची गोष्ट आहे. एक सुतार होता, हाताला फार चांगला. माझ्या मागे लागण्याने दोनदा सोडली त्याने, दोनदा परत सुरू झाली, आणि तिसऱ्यांदा प्यायला तेव्हा मी पण तुझ्यासारखीच चिडले. त्याची बायको विचारायला आली की आता काय करू, तर मी उभ्या उभ्या सांगितलं, खोलीत ठेवा, बाहेरून कडी लावा, तीन दिवस मन घट्ट करा, एक थेंब देऊ नका. आणि मी गेले नाही. २६ जून जवळ आला होता, अमली पदार्थविरोधी दिन, आमच्या रॅलीची तयारी चाललेली, बॅनर रंगवायचे होते, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं तोंड बघायचं नव्हतं.

पहिल्या दिवशी घाम आणि हातांना कंप. दुसऱ्या दिवशी झोप नाही, खोलीत मुंग्या आहेत म्हणायला लागला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोने निरोप पाठवला तेव्हा मी गेले. तो पलंगावर बसून पांघरुणावर रंधा मारत होता. हातात काहीच नव्हतं, पण दोन्ही हात पुढे जायचे, मागे यायचे, अगदी बरोबर लयीत, आणि मधेच थांबून तो फुंकर मारून भुसा उडवायचा आणि बोटाने कड गुळगुळीत झाली का बघायचा. अंग तापलेलं होतं. मला ओळखलं नाही त्याने. मी तिथे पोचल्यावर दहा-पंधरा मिनिटांत फिटचा झटका आला, दवाखान्यात नेला, पण उशीर झाला होता.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर जीव जाऊ शकतो हे मला तेव्हा माहिती नव्हतं. झटके बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येतात आणि हा भ्रम दोन ते चार दिवसांत, डॉक्टर गोळ्या देऊन, त्या हळूहळू कमी करत, बी-१ व्हिटॅमिन देऊन हे सांभाळू शकतात, हे नंतर शिकले. मला कुणी शिकवलंच नव्हतं, तेव्हा कुठल्या शिबिरात हे सांगत नव्हते, सगळेच कोंडून ठेवा म्हणायचे, मग माझा काय दोष. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलेय आणि यातलं एकही वाक्य खोटं नाहीये. पण दुसऱ्या दिवशी नुसती चक्कर टाकली असती तर न शिकताही दिसलं असतं की या माणसाला काहीतरी भयंकर होतंय. डोळे होते ना मला. त्यासाठी डॉक्टर व्हायची गरज नव्हती, फक्त जायची गरज होती.

त्यानंतर मी हट्टी झाले ते झालेच. पुढे एका संस्थेच्या कमिटीत होते, तिथे रजिस्टरमध्ये "किती सुटले" असा कॉलम होता आणि जो परत प्यायला त्याच्या नावावर काट मारायचे, कारण वरती आकडा चांगला दाखवायचा असायचा. मी भांडले, दोन मीटिंग भांडले, शेवटी मला म्हणाले तुम्ही फार भावनिक होता, आणि मी बाहेर पडले. लोक अजून म्हणतात तिला जुळवून घेता येत नाही. नसेल येत. माझ्या वहीत कुणाचंच नाव कापलेलं नाही, नावापुढे फक्त तारखा आहेत, कधी भेटले त्याच्या. एका नावापुढे एकोणीस वर्षांच्या तारखा आहेत आणि तो अजून पितो, आणि मी अजून जाते. तू म्हणशील याने काय साध्य झालं. तो जिवंत आहे, आणि मागच्या महिन्यात त्याने स्वतःहून विचारलं की लिव्हरची टेस्ट कुठे करतात.

आणि हे फक्त माझं खूळ नाहीये. सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. डिप्रेशन किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे हॉस्पिटलात राहून गेलेले पण पुढचे उपचार नाकारलेले ८४३ पेशंट त्यांनी घेतले, निम्म्यांना पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली, बाकीच्यांना नाही. पत्रात काय तर दोन ओळी, बरेच दिवस झाले, बरं चाललं असेल अशी आशा, वाटलं तर कळवा. ना सल्ला ना अट. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण कमी दिसलं. दोन ओळींची पत्रं रे! आणि तुझ्याकडे तर दोन पाय आहेत आणि त्याचं घर माहिती आहे.

तू लिहिलंयस की मी काऊन्सेलर नाही, मला काय अधिकार. झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने २००६ मध्ये हरारेतल्या आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं, लोक येऊन त्यांच्याशी बोलायचे. आधी त्याचं नाव मानसिक आरोग्याचा बाक असं काहीतरी होतं, कुणी फिरकेना, आज्यांनीच सांगितलं की नाव बदला, मग मैत्रीचा बाक झाला. २०१६ मध्ये त्याची रीतसर चाचणी छापून आली, ज्यांना हा आधार मिळाला त्यांचा त्रास नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा बराच कमी झाला होता. त्या आज्यांकडे डिग्री नव्हती. पण त्या शिकल्या होत्या, आणि त्या बाकावर परत परत येऊन बसत होत्या, दोन्ही गोष्टी.

म्हणून शिक, टाळू नकोस. रोज पिणाऱ्याला घरात कोंडून दारू तोडायला लावायची नाही, हे तर आता तुला कळलंच. गर्द किंवा तसलं काही घेणारा काही आठवडे बंद राहिला की शरीराची सवय उतरते, मग परत घेताना जुन्याच मापाने घेतलं तर श्वास थांबून माणूस जातो, म्हणून सेंटरमधून घरी आल्यानंतरचे पहिले दिवस सगळ्यात धोक्याचे, तेव्हा तर रोज जा. घरचे चोरून जेवणात दारू सोडवायची गोळी मिसळतात, ते थांबव, त्यातल्या काही औषधांवर दारू प्यायला तर जिवावर बेततं. आणि तो फारच गप्प वाटला, सामान वाटून टाकायला लागला, तर सरळ विचार की जीव द्यायचा विचार येतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, जवळच्या डॉक्टरकडे घेऊन जायचं, आणि ही गोष्ट गुपित ठेवायचं वचन द्यायचं नाही.

पोस्टर लाव की, मी कुठे नको म्हणते. दारू आणि नशेने २०१९ या एका वर्षात जगात तीस लाखांवर माणसं गेली असं डब्ल्यूएचओ सांगते, लोकांना कळायलाच हवं. पण पोस्टर तुझ्यासाठी लपायची जागा होऊ देऊ नकोस. रॅलीत कुणी मान फिरवत नाही, म्हणून ती सोपी वाटते. मला माहितीये, मी तिथेच लपले होते.

आता जाशील तेव्हा काय बोलायचं याची फार तयारी करू नकोस. का प्यायलास विचारू नकोस, चार महिन्यांचा हिशोब काढू नकोस. शनिवारी मी मान फिरवली ती चूक झाली, एवढं तू आधी बोल. मग बस. तो प्यायलेला असेल तर पाच मिनिटं बस आणि उद्या येतो म्हणून निघ, आणि उद्या खरंच जा. शिव्या दिल्या तर ऐकून घे, अंगावर आला तर थांबू नकोस, बाहेर ये, पण परवा पुन्हा. हात थरथरतायत का बघ, झोप लागते का विचार, शनिवारपासून रोज चाललंय का ते कळलं तर मला फोन कर, डॉक्टरकडे आपण दोघं नेऊ. त्याच्या आईशी वेगळं बोल, तिलाही कुणी विचारत नाहीये. आणि तू स्वतः झोपत नाहीयेस हे तुझ्या मेसेजच्या वेळेवरून दिसतंय, त्याबद्दल आपण भेटून बोलू, टाळणार नाही मी.

तो दार उघडणार नाही कदाचित. मग दारातूनच हाक मार, आपलं नाव सांग, परत येतो म्हण. संध्याकाळी सातपर्यंत तुझ्या फोनची वाट बघते. तो काय म्हणाला ते नंतर सांग, आधी गेला होतास एवढंच सांग.

तुझी,
ताई