ग्रुप जुळला तरी बॅग का जुळत नाही?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही नागपूरला इंदोऱ्यात राहतो. मुलगी १७ वर्षांची आहे, सिकलसेल एसएस पॅटर्न (आई-वडील दोघांकडून आलेला). लहानपणापासून बरेचदा रक्त चढवलं, कधी इथे कधी मामाच्या गावाकडे. आता मागच्या वेळी रक्त लावून आठवडा झाला आणि अंग दुखायला लागलं, डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी, हिमोग्लोबिन तर आधीपेक्षाही खाली. ब्लड बँकवाले म्हणून राहिले की हिला अँटिबॉडी आहे, बॅग मिळायला वेळ लागेल. ग्रुप बी पॉझिटिव्हच आहे ना, मग जुळत का नाही? तिच्या सख्ख्या भावाचं रक्त दिलं तर?

उत्तर : ताई, बी पॉझिटिव्ह म्हणजे एबीओ (ए, बी, एबी की ओ) आणि आरएच डी (पॉझिटिव्ह की निगेटिव्ह), एवढंच बघितलेलं असतं. लाल पेशीवर याशिवाय शेकडो अँटिजेन म्हणजे ओळखखुणा असतात, मोठा सी, मोठा ई, केल, डफी, किड वगैरे. यातला जो मुलीकडे नाही तो बॅगेतून आला की शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे त्या पेशी नष्ट करायला लावणारं प्रथिन, बनवू शकतं, आणि ज्यांना वारंवार रक्त लागतं त्या सिकलसेलच्या पेशंटमध्ये हे बरंच दिसतं.

तुम्ही सांगता ते उशिरा येणाऱ्या रिअ‍ॅक्शनसारखं वाटतं, ती साधारण ३ ते १४ दिवसांत येते, कधी त्याहूनही उशिरा. डॉक्टरांना रक्त कोणत्या तारखेला लावलं ते आधी सांगा, नाहीतर सिकलसेलचा नेहमीचा क्रायसिस (दुखण्याचा झटका) समजून लगेच दुसरी बॅग लावली जाते, आणि काही पेशंटमध्ये अशा वेळी स्वतःच्या पेशीही फुटत असतात, तिथे जास्त रक्ताने उलट बिघडतं.

मला खरी काळजी पुढची आहे. अँटिबॉडी काही महिन्यांनी-वर्षांनी इतकी कमी होते की टेस्टमध्ये दिसतच नाही, क्रॉसमॅच (बॅगेतलं रक्त तिच्या रक्ताशी जुळवून बघणं) अगदी बरोबर येतो, आणि तोच अँटिजेन परत आला की ती झपाट्याने वाढते. म्हणून ब्लड बँकेकडून अँटिबॉडीचं नाव लेखी घ्या, कार्ड लॅमिनेट करा, फोटो मुलीच्याही मोबाईलमध्ये ठेवा. मेडिकल, मेयो ही आपली सरकारी रुग्णालयं असोत की गावचा दवाखाना, रक्त मागवायच्या आधी ते दाखवायचंच. आणि यापुढे निदान सी, ई आणि केल जुळवून रक्त मागा. तिच्या पेशीवर यातले कोणते अँटिजेन आहेत ही तपासणी आधी झाली नसेल तर गेल्या ३ महिन्यांत रक्त लावलंय हे सांगा, तेव्हा साध्या टेस्टमध्ये डोनरच्या पेशी मिसळतात, डीएनए टेस्ट करावी लागते.

भावाचं रक्त मात्र नको. सख्ख्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या शरीरावर हल्ला करू शकतात, क्वचित होतं पण जीवावर बेततं. शिवाय उद्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी तोच डोनर ठरू शकतो, ते आत्ताच अवघड करून ठेवू नका. त्याची सिकलसेलची तपासणी तेवढी करून घ्या.

दुखलं की रक्त लावा असा आग्रह धरू नका, नुसत्या दुखण्याला ते लागत नाही. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध सुरू आहे का ते लिहिलं नाहीत, नसेल तर विचारा, त्याने रक्ताची गरज कमी होते. पण छातीचा त्रास, लकवा असं काही झालं तर रक्ताला नाही म्हणू नका. ऑपरेशन ठरलं असेल तर ब्लड बँकेला आठवडाभर आधी सांगून ठेवा, तिच्यासाठी बॅग शोधायला वेळ लागतो.