सूर्यावरची काळी रेघ एका रात्रीत गेली कुठे?

प्रश्न: सूर्याच्या फोटोत मधोमध दिसणारी लांब काळी रेघ दुसऱ्या दिवशी गायब होती. ती ‘फुटली’ म्हणजे काय? प्रभामंडळाला, म्हणजे सूर्याभोवतीच्या तप्त, विरळ आवरणाला, त्यामुळे काही होतं का?

रेघ मधोमध होती म्हणजे ती फिरत कडेपलीकडे गेली नाही. सूर्याला आपल्या नजरेत एक फेरी मारायला 27 दिवस लागतात. तेव्हा बहुधा फुटलीच.

ही रेघ म्हणजे फिलामेंट. ती भेग नव्हे, चुंबकीय क्षेत्राच्या झोळीत तरंगणारा वायूचा ढग. भोवतालचं प्रभामंडळ दहा लाख अंशांच्या वर आणि हा दहा हजारांच्या आसपास, पण शंभरेक पट दाट. मागचा उजेड अडवतो म्हणून काळा. हाच ढग सूर्याच्या कडेवर आला की लालसर चमकतो, मग त्याला सौरज्वाला (प्रॉमिनन्स) म्हणतात. हायड्रोजन-आल्फा दुर्बिणीतून (ती हायड्रोजनचा ठरावीक लाल उजेडच आत सोडते) पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी केस चिकटलाय समजून आयपीस पुसत बसलो होतो!

झोळीला पीळ बसत जातो. वरच्या चुंबकीय कमानी तिला दाबून धरतात, त्यांना ते जमेनासं झालं की सगळंच उसळतं. 29-30 सप्टेंबर 2013 चं उदाहरण बघा. सुमारे 3.2 लाख किलोमीटर लांबीचं फिलामेंट उडालं, म्हणजे पंचवीस पृथ्व्या ओळीने मावतील एवढं. मागे राहिलेल्या झगझगीत खाचेला नासाने ‘आगीची दरी’ म्हटलं. नाव झकास, पण आग कुठेच नाही. फिलामेंट ज्या वाटेवर तोललेलं होतं तीच वाट उजळलेली.

प्रभामंडळाचं म्हणाल तर ते फाटतं आणि स्वतःला शिवूनही घेतं. तुटलेल्या चुंबकीय रेषा खाली पुन्हा जुळतात, त्या ऊर्जेने तापलेल्या कमानींची रांग उभी राहते. दोन्ही बाजूंना काळसर डाग पडतात. तिथला भाग थंड झालेला नसतो, तिथला ऐवजच वर निघून गेलेला असतो. तो भरून यायला काही तास, कधी दिवसभरही लागतो. सगळंच मात्र सुटत नाही. 7 जून 2011 च्या स्फोटात बराच माल सूर्यावर परत कोसळला आणि पडला तिथे ठिणग्यांसारखा चमकला.

नासाच्या सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी या उपग्रहाची सप्टेंबर 2013 मधल्या त्या दोन दिवसांची चित्रं काढून बघा: 304 अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या प्रकाशात ढग, 171 मध्ये कमानी, 193 मध्ये दरी. आणि तुमच्या रेघेची जागा सोडू नका. खालची चुंबकीय वाट शाबूत असली तर तिथेच नवी रेघ धरते.