कोल्हापुरात वाचनालयाच्या निधीसाठी शहरभर ट्रेझर हंट ठेवायचा आहे, नियोजन कसं करावं?

चार जणांचा संघ, फी 400 रुपये, 30 संघ धरले तर 12,000 जमतात. छपाई आणि चहा-नाष्टा एखाद्या दुकानदाराकडून प्रायोजित करून घ्या, नाहीतर फीतला बराच पैसा तिथेच जातो. फी संस्थेच्याच खात्यावर घ्या, पावती द्या.

सात-आठ ठिकाणं पुरेत: बिंदू चौक, भवानी मंडप, टाऊन हॉल, रंकाळा वगैरे. रविवारी सकाळी सात ते दहा. नंतर महाद्वार रोडला पाय ठेवायला जागा नसते.

खरी मेहनत कोड्यांची. खासबाग मैदान कधी झालं असं विचारलंत, तर 1912 हे उत्तर मोबाइल घरबसल्या देतो. त्यामुळे तिथे गेल्याशिवाय दिसणार नाही असंच विचारा: कमानीवरची अक्षरं, दगडी खांबांची संख्या. दुकानाच्या पाट्या नकोत, त्या बदलतात. भिंतीला क्यूआर चिकटवू नका. कुणीतरी फाडतं, पावसात भिजतो. त्यापेक्षा ठिकाणी स्वयंसेवक बसवा, बरोबर उत्तराला त्याने शिक्का मारायचा.

सगळे संघ एकाच ठिकाणाहून सोडले की पहिल्या कोड्यालाच जत्रा भरते. प्रत्येकाचा क्रम वेगळा ठेवा, शेवटचं ठिकाण तेवढं समान. आणि बक्षीस वेगाला अजिबात नको, पोरं गाड्या सुसाट पळवतात. गुण उत्तरांना, दहानंतर आलेल्यांचे गुण कापायचे.

पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा. कोडी आठवडाभर आधी बाहेरच्या दोघांकडून सोडवून घ्या. एका कोड्याला वीस मिनिटांवर लागली तर ते बदला.